जमिनीवरचें विमान

घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें "मी वैमानिक होणार" असें जाहीर केलें, म्हणजे माजघरापासून ओटीपर्यंत प्रश्नांची एकच झड लागते. इंजिन मध्येंच बंद पडलें तर? ढगांत वाट चुकली तर? वादळ आलें तर? आजी विचारते, काका विचारतात, शेजारचे पेन्शनर अण्णाही विचारतात. आणि हे सारे प्रश्न आकाशासंबंधीं असतात. विमान जमिनीवर असतांना काय होऊं शकेल, हें कोणी विचारीत नाहीं. चाकांवर उभें असलेलें विमान म्हणजे दावणीस बांधलेली गरीब गाय, अशीच आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, आणि तिचा आपल्या घरांतील वळणाशीं काय संबंध पोहोंचतो, तें या महिन्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भोर व वेल्हे या मुलखांत विमानतळ नाहीं; आणि ज्या वेल्हे तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे, तेथील राजगड-तोरण्याच्या सोंडा ज्यानें पाहिल्या आहेत, त्यास तो कां नाहीं हें सांगावयास नको. परंतु याच पुणें जिल्ह्यांत बारामतीस विमान चालविण्याचें शिक्षण मिळतें. वयाच्या १६ व्या वर्षीं शिकाऊ परवाना, १७ व्या वर्षीं खासगी व १८ व्या वर्षीं व्यावसायिक परवाना मिळूं शकतो, आणि या शेवटच्यासाठीं २०० तासांचें उड्डाण पदरीं असावें लागतें. तेव्हां भोरच्या शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलास किंवा मुलीस ही विद्या आतां सातासमुद्रांपलीकडची राहिलेली नाहीं. दि. २५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून निघालेलें एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या शिवारांत कोसळलें. त्यांतील विद्यार्थिनी सुदैवानें वांचली. ती बातमी साऱ्या जिल्ह्यांत घरोघर वाचली गेली. आकाशांतून पडलेल्या विमानाची बातमी अशी होते. अंगणांतल्या अंगणांत भिंतीस घासलेल्या विमानाची होत नाहीं. म्हणूनच तिच्याविषयीं लिहिण्याचें अगत्य अधिक आहे.

विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून धावपट्टीपर्यंत व धावपट्टीवरून परत जागेवर स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर चाकांनीं जातें, यास वैमानिकांच्या बोलींत 'टॅक्सी करणें' असें म्हणतात. ऐकावयास हें काम मोटार चालविण्याहून सोपें वाटतें. परंतु नवशिक्याची पहिली फसगत येथेंच होते. त्याच्या हातांत जें चक्र असतें, तें मोटारीच्या चक्रासारखें दिसलें तरी जमिनीवर त्यानें विमान वळत नाहीं. विमान वळतें तें पायांनीं. दोन पेडलांनीं मागचें सुकाणूं व पुढचें लहान चाक फिरतें. त्याच पेडलांच्या वरच्या टोंकांवर ब्रेक असतात, आणि डाव्या व उजव्या चाकाचा ब्रेक निरनिराळा असतो. ज्यानें घरची मोटार किंवा स्कूटर चालविली आहे, त्याचे हात घाबरल्या क्षणीं सवयीनें चक्र फिरवितात. चक्र फिरतें, आणि विमान सरळच जात राहतें. जमिनीवरच्या टकरींत या एका क्षणाचा वांटा मोठा असतो. शिवाय विमानास हातगाडीप्रमाणें मागें घेतां येत नाहीं. लहान विमानास उलट चालण्याची सोयच नसते. अडचणींत शिरलेलें विमान इंजिन बंद करून हातांनींच ढकलून काढावें लागतें.

दुसरी अडचण रुंदीची. बारामतीकडे ज्यावर मुलें शिकत आलीं, त्या सेस्ना १५२ जातीच्या दोन आसनी विमानाची लांबी सुमारें २४ फूट, परंतु एका पंखाच्या टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंतची रुंदी सुमारें ३३ फूट असते. त्याचा थोरला भाऊ सेस्ना १७२, त्याची रुंदी ३६ फूट. आपली एस. टी. आठ-साडेआठ फूट रुंद. भोरहून महाडास वरंध घाटानें जाणाऱ्यांनीं मनांत असा हिशेब करावा कीं, गाडीच्या दोन्ही बाजूंस बारा-बारा फुटांचे वासे आडवे बांधले आहेत आणि ड्रायव्हरला ती गाडी वळणावळणानें न्यावयाची आहे. त्यांतही विद्यार्थी डाव्या आसनावर बसतो. त्यामुळें डावें टोंक त्यास जवळून दिसतें, उजवें टोंक दूर असतें, आणि त्याचा अंदाज हटकून चुकतो. वळतांना बाहेरच्या बाजूचा पंख मधल्या भागापेक्षां पुष्कळ मोठें वर्तुळ काटतो. डोळ्यांपुढचा रस्ता मोकळा दिसत असतो, आणि टोंक हँगरच्या दारास, दिव्याच्या खांबास किंवा शेजारीं उभ्या असलेल्या विमानाच्या शेपटास जाऊन लागतें.

आमच्या एस. टी.च्या कंडक्टरांनीं या प्रश्नाचें उत्तर केव्हांच शोधून ठेविलें आहे. भोरच्या स्टँडांत गाडी मागें घ्यावयाची असली म्हणजे कंडक्टर खालीं उतरतो, मागच्या कोपऱ्याशीं उभा राहतो, शिटी वाजवितो. आणि शिटी थांबली कीं ड्रायव्हर गाडी थांबवितो. वीस वर्षें त्याच स्टँडांत गाडी लावणारा ड्रायव्हरही या शिटीची लाज बाळगीत नाहीं. विमानतळावर हीच चाल आहे. जागा अरुंद असेल तर पंखाच्या टोंकाशीं माणूस चालवावा, आणि माणूस मिळत नसेल तर इंजिन बंद करून विमान हातानें ढकलावें. मात्र खुणा करणारा माणूस चुकला तरी जबाबदारी विमान चालविणाऱ्याचीच राहते, हें विद्यार्थ्यानें कधींही विसरूं नये. संशय आला कीं थांबावें. जमिनीवरच्या विमानास थांबण्याची जी सवलत आहे, ती आकाशांतल्या विमानास नाहीं. मग ती वापरण्यास संकोच कसला?

पूर्वींच्या विद्यार्थ्यांस हा धडा आपोआप मिळे. बंगलोरच्या कारखान्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञानें आंखलेलें एच. टी. २ हें शिकाऊ विमान १९५१ सालीं प्रथम उडालें, आणि त्यांचेंच 'पुष्पक' १९५८ सालीं. गटिंगेन येथें प्रांट्लसारख्या गुरूजवळ शिकून आलेल्या या गृहस्थांच्या विमानांवर आपल्या देशांतील कितीतरी वैमानिकांचे श्रीगणेशा झाले. या दोन्ही विमानांचें तिसरें चाक शेपटाखालीं असे. अशा विमानाचें नाक जमिनीवर असतांना वर उचललेलें राहतें आणि समोरचा रस्ता झाकला जातो. म्हणून चालविणारा नागमोडी चाले. एकदां डावीकडून डोकावे, एकदां उजवीकडून, आणि दिसलें तेवढेंच पुढें जाई. हल्लींच्या विमानांचें तिसरें चाक पुढें आलें, नाक खालीं आलें, समोरचें स्वच्छ दिसूं लागलें; आणि दिसतें आहे या भरंवशावर पाहण्याची संवय मात्र शिथिल झाली. सोयीबरोबर सावधपणा कमी होतो, हा अनुभव केवळ विमानांतलाच आहे असें नाहीं.

पाहण्याची संवय सुटण्याचें आणखी एक कारण असें कीं, विद्यार्थ्याचे डोळे आंत गुंतलेले असतात. त्याच्या मांडीवर तपासणीची यादी असते, कानांत रेडिओवरील सूचना असतात, समोर घड्याळांची रांग असते, आणि हल्लीं त्यांत पडद्यावरच्या नकाशाची भर पडली आहे. चालत्या विमानांत यादी वाचणें म्हणजे घाटांत पत्र वाचीत मोटार हांकणें होय. यादी वाचावयाची ती उभें राहून. विशेष धोक्याची वेळ म्हणजे उड्डाणापूर्वींची इंजिनाची परीक्षा. त्या वेळीं ब्रेक दाबून इंजिनाचे फेरे मिनिटास १७०० ते १८०० पर्यंत चढवितात आणि कांट्यांकडे पाहतात. पाय किंचित् सैल पडला, किंवा एका बाजूचा ब्रेक झिजलेला असला, कीं विमान मुंगीच्या पावलांनीं पुढें सरकूं लागतें. आंतल्या विद्यार्थ्याचे डोळे कांट्यांवर खिळलेले, आणि समोर दुसऱ्या विद्यार्थ्याचें विमान आपली पाळी येण्याची वाट पाहत उभें! म्हणून चांगले शिक्षक दोन गोष्टी आरंभींच अंगीं बाणवितात. विमान जागचें हललें कीं पहिल्या दोन-चार पावलांतच ब्रेक दाबून पाहावयाचे. आणि इंजिनाची परीक्षा घेतांना दर क्षणाक्षणानें मान वर करून बाहेर पाहावयाचें. वेगही ठरलेला आहे: झपझप चालणाऱ्या माणसाइतका, त्याहून अधिक नाहीं.

रस्त्याचे नियमही निराळे आहेत. घाटांत रस्ता अरुंद असला तर उतरणाऱ्या गाडीनें थांबून चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी, हें आपणांस ठाऊक आहे. आणि समोरासमोर गाडी आली कीं आपण डावीकडे घेतों. विमानांचा आंतरराष्ट्रीय नियम याच्या उलट आहे. जमिनीवर दोन विमानें समोरासमोर आलीं तर दोघांनीं थांबावें, अगर शक्य असेल तर दोघांनीं उजवीकडे वळावें. दोघांच्या वाटा एकमेकींस छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हातास दुसरें विमान आहे त्यानें थांबावें. जन्मभर डावीकडून चाललेल्या आपल्या मुलाचें पाऊल आणीबाणीच्या क्षणीं उजवीकडे पडावें, यासाठीं हा नियम नुसता पाठ असून भागत नाहीं. तो पायांत मुरावा लागतो.

या सर्वांवरचा मोठा नियम धावपट्टीच्या उंबरठ्याचा. टॅक्सीचा रस्ता जेथें धावपट्टीस मिळतो, तेथें अलीकडे पिवळ्या रंगाच्या चार रेघा आडव्या काढलेल्या असतात. दोन सलग, दोन तुटक. सलग रेघ आपल्या बाजूस असली कीं परवानगीवांचून चाक पुढें टाकावयाचें नाहीं. जेथें नियंत्रण-मनोरा नसतो, तेथें विद्यार्थ्यानें थांबून दोन्ही बाजूंचें आकाश स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाचें आणि आपण काय करणार आहों तें रेडिओवर सर्वांस कळवावयाचें. या उंबरठ्याचें महत्त्व इटलींतील मिलान येथें दि. ८ ऑक्टोबर २००१ रोजीं दिसून आलें. दाट धुक्यांत एक लहान सेस्ना जेट विमान चुकीच्या वाटेनें गेलें आणि नकळत धावपट्टीवर आलें. त्याच क्षणीं एक मोठें प्रवासी विमान पूर्ण वेगानें उड्डाण घेत होतें. ११८ माणसें प्राणांस मुकलीं. त्या तळावरील खुणा अपुऱ्या होत्या आणि जमिनीवरील हालचाल दाखविणारें रडार चालू नव्हतें, हें खरेंच. परंतु एक चुकलेलें वळण एवढ्या अनर्थास पुरलें.

हें सर्व नवशिक्यांनाच लागू आहे, असेंही कोणी समजूं नये. दि. २७ मार्च २०२४ रोजीं कलकत्त्याच्या विमानतळावर धावपट्टीवर जाण्यासाठीं थांबलेल्या एका प्रवासी विमानाच्या पंखास शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाचा पंख घासला. त्याच वर्षीं दि. १६ मे रोजीं आपल्या पुण्याच्या लोहगांव विमानतळावर दिल्लीस निघालेल्या व सुमारें १८० उतारू असलेल्या विमानाची, धावपट्टीकडे जातां जातां, तळावरील ओढकामाच्या ट्रॅक्टरशीं टक्कर झाली. दोन्ही प्रसंगीं उतारू सुखरूप राहिले. तीं विमानें चालविणारे मुरलेले वैमानिक होते. मग ज्याच्या वहींत पंधरा तासांची नोंद आहे आणि जो शिक्षकावांचून प्रथमच एकटा विमानांत बसला आहे, त्याच्याकडून पंखाचें टोंक कशास लागणारच नाहीं, असें कोणी म्हणावें?

आतां एक इशारा खास घरच्या माणसांसाठीं. मुलाचें विमान पाहावयास बारामतीस जाण्याची हौस प्रत्येक घरास असते, आणि ती असावीही. परंतु फिरता प्रोपेलर डोळ्यांस दिसत नाहीं, हें पक्कें ध्यानांत धरावें. सव्वासहा फूट व्यासाचा प्रोपेलर जमिनीवर मिनिटास १००० फेरे घेत असतां त्याच्या टोंकाचा वेग तासास सुमारें ३५० किलोमीटर भरतो. आणि पाहणारास तेथें फक्त हवा दिसते. पेढ्यांचा पुडा घेऊन धांवत पुढें जाणें, लहानग्यास कडेवर घेऊन पुढून फोटो काढणें, हें इंजिन पूर्ण बंद होऊन सोडावयास येईपर्यंत मुळींच करूं नये. उभ्या विमानाचा प्रोपेलरही गंमत म्हणून हातानें फिरवूं नये. आंतील एखादी तार तुटलेली असली तर बटन बंद असूनही इंजिन एकाएकीं पेट घेऊं शकतें. देवळांत गाभाऱ्याबाहेर थांबण्याची जी शिस्त आपण मुलांस लावतों, तीच शिस्त तेथें आपण पाळावी.

येथवर आम्हीं जें लिहिलें, तें कोणताही चांगला शिक्षक विद्यार्थ्यास सांगतो. परंतु एक गोष्ट शिक्षकापेक्षां घराच्या हातीं अधिक आहे, आणि तिच्यासाठींच हा सारा प्रपंच.

समजा, मुलाच्या हातून विमानाचें टोंक दारास लागलें. आवाज फारसा झाला नाहीं. कोणी पाहिलें नाहीं. पत्र्यास एक लहानसा पोचा पडला, रंग थोडा खरवडला. वेग चालत्या माणसाचा. इजा कोणासही नाहीं. अशा वेळीं त्या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनांत काय येईल? त्याच्या शिक्षणासाठीं कित्येक लाख रुपये भरले आहेत. त्यांतले कांहीं कर्जाचे, कांहीं काकांचे, कांहीं आत्याच्या ठेवींतले. घरीं रोज विचारतात, "किती तास झाले? पुढच्याचे झाले, तुझे कां नाहीं?" आणि घरांत आजवर कप फुटला तरी पहिला प्रश्न "काय झालें" हा नसून "कोणीं केलें" हा असतो. अशा मुलास गप्प बसण्याचा मोह होणें अगदीं स्वाभाविक आहे.

परंतु विमानाचा पंख हा भिंतीचा गिलावा नव्हे. पातळ पत्र्याच्या आंत फासळ्या व एक मुख्य तुळई असते, आणि रिव्हेटांनीं तें सर्व एकत्र बांधलेलें असतें. बाहेर रुपयाएवढा पोचा असला तरी आंत काय सरकलें आहे, तें उघडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. त्याच टोंकाजवळ विमानास डाव्या-उजव्या बाजूस कलविणारी फळी बिजागऱ्यांवर बसविलेली असते. ती आकाशांत अडली तर तिचें काय होईल तें सांगावयास नको. प्रोपेलर कशावर आपटला तर तो धड दिसत असला तरी इंजिन उघडून तपासणें भाग असतें. जो गप्प बसला तो घरीं जाऊन झोंपेल. त्या विमानांत दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसऱ्याच कोणाचा मुलगा किंवा मुलगी बसेल. लोणच्याच्या बरणीस तडा गेला आणि मुलानें भीतीनें तडा भिंतीकडे करून ठेवली, तर श्रावणांत सारें लोणचें बुरसतें. येथें प्रश्न लोणच्याचा नसून जिवाचा असतो. कायद्यानेंही विमानाचा अपघात केवळ आकाशांतला मानलेला नाहीं. उड्डाणाच्या हेतूनें माणूस विमानांत चढल्यापासून उतरेपर्यंतचा काळ त्यांत येतो, आणि घडलेली गोष्ट कळविणें हें कर्तव्य ठरतें.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण येतां-जातां वापरतों. परंतु ती खरी ठरण्यास एक अट आहे, ती म्हणींत सांगितलेली नाहीं: पुढच्यानें ठेच लागल्याचें सांगितलें पाहिजे. पुढच्यानें अंगठा धोतराआड लपविला, तर मागचा शहाणा होणार कसा? जगांत विमानप्रवास आज जितका निर्धोक झाला आहे, त्याचें एक मोठें कारण हेंच आहे कीं, लहानमोठ्या ठेचा लिहून ठेवण्याची, त्यांची चौकशी करण्याची आणि निष्कर्ष सर्वांपुढें मांडण्याची रीत या धंद्यानें घालून घेतली. ती रीत कागदावर कितीही पक्की असली, तरी तिचा आरंभ एका भ्यालेल्या विद्यार्थ्याच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यापासून होतो. तें वाक्य त्यास बोलतां यावें, याची तयारी विमानतळावर होत नाहीं. ती घरांत, दहा-दहा वर्षें आधींपासून, फुटलेल्या कपांच्या व हरवलेल्या छत्र्यांच्या निमित्तानें होत असते.

म्हणून ज्या घरांतून मूल या विद्येस जाणार आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे. किती तास झाले, याची रोज चौकशी करूं नये. करावयाचीच तर आज काय शिकलास, ही करावी. शिक्षकानें एखादे दिवशीं जमिनीवरच ठेवलें, उडूं दिलें नाहीं, तर तो दिवस फुकट गेला असें म्हणूं नये. संशय आला म्हणून तो मध्येंच थांबला व पाळी हुकली असें त्यानें सांगितलें, तर त्याचें कौतुक करावें. आणि एखादे रात्रीं फोनवर त्याचा आवाज पडलेला वाटला, आणि "आज माझ्या हातून पंख लागला, मीं जाऊन सांगितलें" असें तो म्हणाला, तर खर्चाचा आंकडा दुसऱ्या दिवसावर ठेवून त्यास आधीं एवढेंच म्हणावें: "सांगितलेंस, बरें केलेंस."

वरंधच्या वाटेवर 'अति घाई संकटांत नेई' ही घाटांतली जुनी पाटी वाचून आपण हंसतों आणि पुढें जातों. विमानविद्येंतही पहिला धडा तोच आहे, आणि तो चाकांवर असतांनाच गिरवावयाचा आहे. ज्यास चालतां येतें, थांबतां येतें आणि चुकलें तर सांगतां येतें, त्याच्या हातीं पुढें आकाश देण्यास कोणत्याही घरानें भिऊं नये.